खोक्याचा दुसरा कान

शुक्रवार, ७ मार्च

डॉक्टर म्हणाले, "राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब खाली येईल." म्हणून ही वही. आता बघू कोण आधी खाली येतं, रक्तदाब की शाई.

तर आजचा राग. चौकातल्या बर्गरच्या दुकानात गेलो. दर शुक्रवारी जातो. चार बर्गर, दोन चिप्स, चार थंड पेयं. काउंटरवरच्या पोराने आकडा सांगितला तेव्हा वाटलं, मागच्या माणसाचंही बिल माझ्यातच धरलंय. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. वर्षभरात चौथ्यांदा भाव वाढवलाय मेल्यांनी. मागच्या मार्चमध्ये जेवढ्यात आम्ही चौघं दोनदा जेवायचो, तेवढ्यात आता एकदाच होतं. शिवाय बर्गर लहान झालाय तो वेगळाच.

लहान झालाय हे मला कुणी सांगायला नको. त्या दुकानाची खोकी आमच्याच कंपनीत बनतात आणि पुठ्ठा कापायचा साचा मी लावतो. बावीस वर्षं हेच काम. जानेवारीत साहेब नवीन माप घेऊन आले, प्रत्येक बाजूने आठ मिलिमीटर कमी. मी मुकाट्याने साचा बदलला. तेव्हा डोक्यात आलंच नाही की खोकं लहान म्हणजे आतला घास लहान, आणि तो घास माझ्याच पोरांच्या तोंडातला. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा मारला, तोही मापात.

जेवताना जाहीर केलं, "पुढच्या शुक्रवारपासून बाहेरचं बंद. परवडत नाही."

बकासुर, म्हणजे आमचे चिरंजीव, वय तेरा, खाता खाता थांबला. हे दृश्य दुर्मीळ. थोरली, वय सतरा, घरात तिला आम्ही वकीलीणबाई म्हणतो, ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. मग शुक्रवारी मी मैत्रिणीकडे अभ्यासाला जात जाईन. तिथे सगळ्या जमतात."

झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याचं फळ. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ही मुलगी ताट घेऊन तिच्या खोलीत जाते आणि दार लावते. बोलायचं म्हणजे दाराशी. एक शुक्रवारच काय तो आम्ही चौघं एका टेबलाशी बसतो. चार महिन्यांनी ती कॉलेजसाठी दुसऱ्या गावी जाईल. म्हणजे शुक्रवार उरले किती? मी बोटांवर मोजले आणि मोजणं अर्ध्यावर सोडून दिलं.

रक्तदाब काही खाली आल्यासारखा वाटत नाही.

सोमवार, १० मार्च

युक्ती सुचली. इतकी साधी, की स्वतःचाच अभिमान वाटला. बर्गर घरी करायचा, पण दुकानाच्या खोक्यात घालून आणायचा. म्हणजे परवडेलही, आणि वकीलीणबाईही टेबल सोडून जाणार नाहीत. पोरांना दुकानाचंच हवं असतं. घरचं म्हटलं की नाक मुरडतात.

साहेबांना विचारलं, "रद्दीतली थोडी खोकी नेऊ का?"

"कशाला?"

"मुलाच्या शाळेत प्रोजेक्ट आहे."

खोट्याचा श्रीगणेशा झाला. तीस खोकी आणली. छपाईत लाल रंग केसभर सरकलाय, पण तो फक्त मला दिसतो. ती शिडीवर चढून माळ्यावरच्या सूटकेसमागे लपवली.

बुधवार, १२ मार्च

पहिला प्रयोग. दुपारी तीनला पाळी सुटते, पोरं साडेपाचला येतात, हे अडीच तास माझे. खिमा, कांदा, मिरपूड, अंडं. टिक्की तव्यावर टाकली आणि उलटताना तिचे सात तुकडे झाले. दुसरी उलटलीच नाही, तव्याला चिकटून बसली. तिसरी दिसायला झकास, आतून कच्ची. पुरावा नको म्हणून सगळं मीच खाल्लं. रात्री जेवायला बसलो नाही, तर आमच्या हिने कपाळावर हात ठेवून ताप पाहिला.

मग ही म्हणाली, "अहो, ताप नाहीये. पण शर्टावर खिमा आहे."

सगळं सांगावं लागलं. ही दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. दिवसभर लोक हिला सांगत असतात की आम्ही गोड खात नाही. खोटं हिला दारातूनच कळतं. ऐकून हसली, खूप हसली. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "करायचंच तर नीट करा. टिक्की आधी फ्रिजमध्ये ठेवायची असते."

शुक्रवार, १४ मार्च

फत्ते!

तीन वाजता घरी. चार टिक्क्या, पाव बेकरीतले. सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखा पाचवर, वास गेला पाहिजे. खोक्यात भरताना पंचाईत झाली. माझा बर्गर जाड आणि खोकं आठ मिलिमीटरने लहान. माझ्याच मापाने मला धडा शिकवला. जरा दाबून बसवला.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो. बर्गरच्या खोक्याला दोन कान असतात. एक पुढून आत जातो, दुसरा बाजूच्या खाचेत अडकतो. दोन्ही लावले की खोकं पालथं केलं तरी उघडत नाही. दुकानातली पोरं घाईत एकच लावतात. बावीस वर्षं मी तो दुसरा कान कापतोय, त्याची खाच नीट आहे का बघतोय, आणि आजवर कुठल्याही दुकानात कुणी तो लावलेला मी पाहिला नाही. आज मी चारही खोक्यांचे दोन्ही कान लावले. कसली देखणी दिसत होती!

मागच्या आठवड्याची कागदी पिशवी जपून ठेवली होती. तिला इस्त्री केली. सात वाजता सगळं पिशवीत घालून मागच्या जिन्याने खाली, गल्लीला एक फेरी, आणि पुढच्या जिन्याने वर. बेल वाजवली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर गॅलरीतून बघत होते. "जाताना पिशवी, येताना पिशवी," म्हणाले. मी म्हटलं, "व्यायाम."

टेबलावर खोकी ठेवली. वकीलीणबाईने खोकं उचललं, फिरवून पाहिलं, कान उघडला, पुन्हा लावला. भावाकडे पाहिलं. भावाने तिच्याकडे पाहिलं. मग तिने अगदी गोड आवाजात विचारलं, "बाबा, आज दुकानात गर्दी होती का रे?"

"गर्दी? विचारू नकोस!" आणि मी सुरू झालो. रांग दारापर्यंत, पुढे एक जाडा गृहस्थ, तो आठ बर्गर मागतो आणि नंतर म्हणतो पाकीट घरी राहिलं. आपण असं काही रचू शकतो हे मला माहीत नव्हतं. ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. बर्गर अर्धाच खाल्ला, उरलेला नेहमीप्रमाणे बकासुराने लंपास केला. तिच्या वाटचं त्याने खाणं मला आवडत नाही, पण आज बोललो नाही.

सव्वासात ते साडेआठ. सव्वा तास बसली होती मुलगी! एवढी भूक टिकवणारी टिक्की आपल्या हातून झाली याचं नवल वाटतं.

शुक्रवार, २१ मार्च

सॉसमध्ये थोडी मोहरी घातली. उत्तम.

बसल्या बसल्या वकीलीणबाईचा प्रश्न, "काउंटरवर आज कोण होतं?"

मी काय सांगणार? म्हटलं, "दाढीवाला."

"कोण दाढीवाला?"

झालं, मग दाढीवाला घडवावा लागला. वय पंचवीस, मनाने हळवा. मागे चिप्स तळायला एक चष्मेवाली. हा ऑर्डर ओरडून सांगायच्या ऐवजी तिला चिठ्ठी लिहून देतो. का, तर तिच्याकडे बघून त्याला ओरडवत नाही. चष्म्यावर वाफ बसते म्हणून तिला चिठ्ठी वाचता येत नाही. त्यामुळे आज आपल्याला चिप्स कमी मिळाल्या. (खरं म्हणजे बटाटे कमी पडले होते.)

बकासुराला ठसका लागला, तो पाणी प्यायला आत पळाला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल. मोहरी जरा जास्तच झाली असणार.

ही भांडी आवरताना हळूच म्हणाली, "दाढीवाल्याला काही बहीण-भाऊ आहेत का? मलाही ऐकायचंय."

हिशेब मांडला नाही. चीज, खिमा, बिघडलेल्या टिक्क्या, इस्त्रीची वीज. मांडला असता तर दुकानच बरं निघालं असतं अशी धास्ती आहे.

शुक्रवार, २८ मार्च

दाढीवाल्याने चष्मेवालीला चष्मा पुसायला रुमाल दिला. वकीलीणबाईने टेबलावर हात आपटून विचारलं, "आणि तिने घेतला?" मी म्हटलं, ते पुढच्या शुक्रवारी कळेल, आज रांगेत माझा नंबर आला आणि मला निघावं लागलं. पोरगी चिडली! चक्क चिडली! तीन वर्षांत माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती इतकी मनापासून चिडली नव्हती.

गंमत म्हणजे कंपनीत मशिनवर उभा असताना माझं डोकं आता दाढीवाल्यातच असतं. काल एक साचा उलटा लावला.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज एक बारीक परीक्षा झाली आणि मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले.

बकासुर म्हणाला, "बाबा, दुकानाचा बोर्ड बदललाय ना?"

मी काय बोर्डाकडे बघायला गेलोय? महिना झाला त्या चौकात पाऊल टाकलं नाही. मी कंपनीतून मागच्या रस्त्याने येतो, हे दोघं मात्र शाळेत जाता-येता रोज तिथूनच जातात. पण गडी डगमगला नाही. "हो तर! नवाकोरा, लाल. लांबून दिसतो."

"आणि दरवाजा?"

"दरवाजाही नवा. काचेचा. आपोआप उघडतो."

"आपोआप!" वकीलीणबाई म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून हलायला लागली. खांदे थरथरत होते. मी घाबरलो, विचारलं, "काय गं, पोटात दुखतंय का?" तर मान हलवून हो म्हणाली. बर्गर अर्धा टाकलाच होता. खिमा शिळा तर नव्हता? पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातून आणीन.

गुरुवार, १० एप्रिल

आज शुक्रवार नाही, तरी लिहितो, कारण मन खातंय. बाप पोरांशी दर आठवड्याला धडधडीत खोटं बोलतो, पिशवीला इस्त्री करून गल्लीला फेऱ्या मारतो. मांजर डोळे मिटून दूध पितं तशातली गत. उद्या कळलं तर? वकीलीणबाई उलटतपासणीत कुणाला सोडत नाही. आणि कळलं की पहिली गोष्ट काय होईल, तर ती ताट उचलेल आणि खोलीत जाईल. शुक्रवारीसुद्धा.

हिला विचारलं, "सांगून टाकू का?"

ही म्हणाली, "चष्मेवालीचं काय ठरतंय ते आधी ठरवा."

या घरात मला गंभीरपणे घेणारं कुणी नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

आज पाच खोकी. वकीलीणबाईने मैत्रिणीला आणलं. तीच ती, जिच्या घरी शुक्रवारी सगळ्या जमतात! म्हणजे आता त्यांचा अड्डा मोडून आमच्याकडे आला. बर्गरची कीर्ती पसरली म्हणायची.

मैत्रीण खुर्चीवर बसते न बसते तोच म्हणाली, "काका, चष्मेवालीने रुमाल परत केला का? धुऊन?"

या मुलीला कसं माहीत? तर म्हणे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. वर्गात दोन तट पडलेत. एक म्हणतो दाढीवाल्याने स्पष्ट विचारावं, दुसरा म्हणतो चष्मेवालीने त्याला आणखी झुलवावं. मी चष्मेवालीला दुसऱ्या शाखेत बदली देऊन टाकली. टेबलावर नुसता आरडाओरडा! बकासुर तर घास हातात धरून उभाच राहिला. साडेनऊ वाजले उठायला. बर्गर गार झाले, कुणाचं लक्ष नव्हतं, याचंच जरा वाईट वाटलं. आज टिक्की खरंच जमली होती.

बुधवार, २३ एप्रिल

डॉक्टर, लिहितोय हो, लिहितोय.

आज दुपारी साहेब मशिनपाशी आले. "तो लहान खोक्याचा साचा काढून ठेवा. चौकातलं बर्गरचं दुकान बंद पडलं. भाव वाढवून वाढवून गिऱ्हाईक पळालं. एक तारखेपासून कुलूप आहे."

मी विचारलं, "कुठल्या एक तारखेपासून?"

"या महिन्याच्या. आता कुठे त्यांचं पत्र आलं."

सुटल्यावर मुद्दाम चौकातून आलो. शटर खाली, त्यावर धूळ. बोर्ड काढून नेलेला. जिथे मी आपोआप उघडणारा काचेचा दरवाजा बसवला होता, तिथे कुलूप आणि त्याखाली एक कुत्रं झोपलेलं.

म्हणजे चार तारखेला बोर्ड नव्हताच. आणि त्यांनी मला विचारलं. आणि मी म्हटलं, लाल.

तीन आठवडे! तीन आठवडे मी बंद दुकानातून बर्गर आणतोय, चष्मेवालीची बदली करतोय, आणि माझी कार्टी समोर बसून मान डोलावतायत. शाळेत सगळ्यांना माहीत आहे म्हणे. असणारच! सगळ्या शाळेत माझं हसं. आधी रागाने कान तापले. मग लाज वाटली. मग फक्त भीती राहिली, की खेळ संपला. आता तिला टेबलाशी बसवायला माझ्याकडे काही उरलं नाही. हिला सांगितलं, तर म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मी मुद्दामच विचारलं नाही." हिलाही माहीत होतं!

शुक्रवार, २५ एप्रिल

आज खोकी काढली नाहीत. पिशवीला इस्त्री नाही, गल्लीला फेरी नाही. बर्गर केले आणि सरळ ताटात वाढले. तव्यावरून ताटात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

दोघं येऊन बसली. ताटाकडे पाहिलं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "दुकान बंद आहे, तुम्हाला माहीत आहे. मी खोटं बोलत होतो, तेही माहीत आहे. हे सगळं मीच करत होतो. चुकलं माझं. आता ज्याला जिथे जेवायचं तिथे जेवा." शेवटी आवाज फाटला. तयारी चांगली केली होती, पण फाटला.

बकासुर म्हणाला, "बाबा, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"पहिल्या? चौदा मार्चला? कसं?"

वकीलीणबाई म्हणाली, "खोक्याचे दोन्ही कान लावलेले होते. जगात दुसरा कान कोण लावतं, बाबा? आम्ही लहान होतो तेव्हा तू आम्हाला खोकी आणून लावायला शिकवायचास. तो कान बघितला आणि कळलं."

आता बघा, चोरी पकडली गेल्यावर माणसाने खाली बघावं. मला मात्र इतका आनंद झाला की काय सांगू. बावीस वर्षांत तो कान कुणाच्या तरी लक्षात आला! मी खुर्चीत बसलोच.

"आणि पिशवीवर सॉसचा तोच डाग दर आठवड्याला," बकासुर म्हणाला. "फक्त इस्त्री केलेला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबला असतास," ती म्हणाली.

मी म्हटलं, "पण तूच म्हणाली होतीस ना, बर्गर बंद तर मी मैत्रिणीकडे जाते? तुला बर्गर आवडतो म्हणून तर हा सगळा खटाटोप!"

तिने ताटाकडे पाहिलं, मग भावाकडे. बकासुर घाईघाईने म्हणाला, "सांगू नकोस हं!" पण तिने सांगितलं.

"मला बर्गर आवडत नाही, बाबा. दोन वर्षं झाली. म्हणून तर हा दर वेळी दीड खातो."

"मग गेलीस का नाही मैत्रिणीकडे?"

"तू म्हणालास, शुक्रवार बंद, म्हणून मी जाते म्हटलं. मला वाटलं तुलाच कंटाळा आला आमच्यासोबत बसायचा. रोज कंपनीतून येतोस, गप्प जेवतोस, टीव्ही लावतोस. शुक्रवारी तरी बोलायचास. भाव वाढले म्हणून का होईना, ओरडायचास तरी." तिचा आवाज बारीक झाला. "मग तू पिशवी घेऊन आलास आणि बोलतच सुटलास. बर्गरचं काय घेऊन बसलास?"

दीड महिना मी सॉसमध्ये मोहरी घालत होतो. आमची ही आतून पाणी आणायला म्हणून गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

मी घसा खाकरून म्हटलं, "बरं. तर दाढीवाला..."

"दाढीवाला राहू दे," वकीलीणबाई म्हणाली. "आज कंपनीत काय झालं?"

हा प्रश्न या घरात मला कुणी कधी विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं. पुठ्ठा कापणाऱ्याच्या दिवसात सांगण्यासारखं काय असतं? सवयीने तोंडात आलं, "काही नाही, नेहमीचंच." तसं म्हणणारही होतो. पण आज खरंच झालं होतं.

"आज साहेबांचा टाय पुठ्ठ्याला खळ लावायच्या मशिनमध्ये गेला," मी म्हटलं.

बकासुराने घास खाली ठेवला. "साहेबांसकट?"

"साहेबांसकटच जाणार होता. वाकून आम्हाला शिस्तीवर भाषण देत होते, आणि टायचं टोक दोन खोक्यांच्या मधे चिकटून पुढे निघालं. मी मशिन बंद करून कात्रीने टाय कापला. तोपर्यंत टोक साबणाच्या खोक्यांच्या गठ्ठ्यात बांधलं जाऊन ट्रकमध्ये चढलं. आता कुठल्या तरी गावात कुणीतरी साबण उघडेल..."

ही दारात उभी राहून हसत होती. वकीलीणबाईने अर्धा बर्गर भावाच्या ताटात टाकला, दोन्ही कोपर टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे खरं, की दाढीवाल्यातलं?"

"खरं. देवाशप्पथ. कात्री माझ्याच हातात होती."

"मग असं मधूनच नको. नीट पहिल्यापासून सांग."

मी पाणी प्यायलो, आणि सकाळी साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात आत आले तिथून सुरुवात केली.